मृत्युपत्र न करणाऱ्यांची थोरवी

काहीही लिहून न ठेवता जाणाऱ्या माणसाचं आपल्याकडे पुरेसं कौतुक झालेलं नाही. देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव येतं. पण ज्यानं आयुष्यभर कमावलं, दोन घरं केली, पाच बँकांत खाती उघडली आणि त्यातलं काय कोणाला द्यायचं याबद्दल शेवटपर्यंत एक ओळ लिहिली नाही, त्याच्याबद्दल शोकसभेत फार तर 'अत्यंत साधा माणूस' एवढंच बोललं जातं. त्याच्या निश्चयाबद्दल कोणी बोलत नाही. या लेखात मी तेवढंच करणार आहे.

निश्चयाचं मोल कळायला आधी मोह केवढा होता ते पाहावं लागतं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं मृत्युपत्र करणं इतकं सोपं करून ठेवलं आहे की वीजबिलावरचं नाव बदलायलाही याहून जास्त कागद लागतात. कोरा कागद चालतो. मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्ती नाही. भाषा आपली, मजकूर हातानं लिहा की टाइप करा. आपण सही करायची, ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सही करायची. आतला मजकूर त्यांनी वाचायचीही गरज नाही. मन बदललं तर पुन्हा नवं करता येतं, शेवटचं ते खरं. पूर्वी निदान कराची भीती तरी होती: मृताच्या मालमत्तेवरची इस्टेट ड्यूटी १९५३ साली आली, पण १९८५ साली तीही गेली. आता अडवायला काहीच उरलेलं नाही. सगळा मिळून एका दुपारचा उद्योग, आणि तो चाळीस वर्षं टाळायचा! बायकोनं विषय काढला की 'शुभ बोल' म्हणायचं, मुलानं काढला की 'माझ्या मरणाची वाट बघतोयस काय' म्हणायचं, वकील मित्रानं काढला की 'आमच्यात तसं काही नाही' म्हणायचं. एवढा सराव असल्याखेरीज हे साधत नाही.

आता या माणसाच्या नम्रतेकडे या. आपण मृत्युपत्र केलं नाही म्हणजे काही ठरलेलंच नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. हिंदूंपुरतं (यात बौद्ध, जैन आणि शीखही आले) बोलायचं तर आपल्या वतीनं संसदेनं १९५६ सालीच सगळं लिहून ठेवलं आहे. हिंदू वारसा कायदा आपल्याला ओळखत नाही. आपली बायको ओळखत नाही, आपल्या आईचं वय ओळखत नाही, कोणत्या मुलानं नोकरी सोडून आपली दोन वर्षं सेवा केली हे त्याला ठाऊक नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, आपलं घर त्याच्या हवाली करणं यात केवढा विश्वास आहे! स्वतःच्या घरातल्या माणसांबद्दलचा स्वतःचा निर्णय बाजूला ठेवून आपण जन्मलोही नव्हतो तेव्हाच्या खासदारांचा निर्णय शिरोधार्य मानायचा.

त्या निर्णयाचं रूप पाहा. पुण्यात एक माणूस जातो. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, त्याच्याच पैशाचा. मागे आई, बायको, मुलगा आणि मुलगी. सगळ्यांना वाटतं, घर आता वहिनींचं. कायद्यानं घराचे चार सारखे भाग होतात. बायको एका भागाची धनीण. वडील हयात असते तर त्यांना काहीच मिळालं नसतं, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या. पुढं आई जाते, तीही अर्थात मृत्युपत्र न करता, कारण संस्कार एकाच घरातले. आता तिचा चौथा हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जातो, आणि गेलेल्या मुलाच्या वाट्याचं त्याच्या पोरांकडे येतं. म्हणजे ज्या फ्लॅटचे हप्ते त्या बाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं काटकसर करून फेडले, त्यात आता तिचे दीर आणि नणंदा सहहिस्सेदार आहेत. तिला गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं आहे, घर विकून लिफ्ट असलेलं छोटं घर घ्यायचं आहे. त्यासाठी सगळ्यांच्या सह्या हव्यात. बंगळुरूहून मुलगा येतो. न्यू जर्सीतली मुलगी भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करते. नागपूरचे दीर 'बघू' म्हणतात. हक्कसोडपत्राचा मसुदा होतो, तो सहा महिने फिरतो. एरवी लग्नालाही एकत्र न आलेली माणसं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या बाकावर एकमेकांशेजारी बसतात. कुटुंब एकत्र आणण्याचं हे सामर्थ्य दोन पानी मृत्युपत्रात नाही. त्यानं त्या बाईला दुसऱ्याच वर्षी पहिल्या मजल्यावर नेलं असतं आणि सगळे आपापल्या घरी राहिले असते.

मुलं लहान असतील तर या नम्रतेला आणखी धार येते. नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याची स्थावर मालमत्ता त्याच्या आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अज्ञान मुलांसाठी मृत्युपत्रातून पालक नेमता येतो. आई-वडील दोघंही एकाच अपघातात गेले तर पोरं मावशीकडे राहावीत की काकाकडे, हे त्या कागदात आधीच सांगता येतं. पण आपला माणूस ते सांगत नाही. मावशी आणि काका यांना ते आपसांत ठरवायची संधी मिळावी, अशी त्याची इच्छा असावी.

मतिमंद किंवा बहुविकलांग मूल असलेल्या आई-वडिलांबद्दल मात्र मला विशेष आदर वाटतो. त्यांना तर सरकारनं जवळजवळ घेरलंच आहे. १८८२ चा भारतीय न्यास कायदा आहे: खासगी ट्रस्ट करा, त्यात पैसा किंवा घर ठेवा, विश्वासातली दोन-तीन माणसं विश्वस्त म्हणून नेमा, आणि त्या पैशातून या मुलाचं जेवण, औषध, मदतनीस, सगळं आयुष्यभर चालावं असं लिहून ठेवा. ट्रस्ट मृत्युपत्रातूनही उभा करता येतो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, ज्याखाली अठरा वर्षांवरच्या अशा मुलाला जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमून देते. एवढं सगळं हाताशी असताना 'आम्ही आहोत तोवर आम्ही, पुढं देव' असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. देवाला विश्वस्त नेमलं की हिशोब मागावा लागत नाही, इतका त्यांचा विश्वास. मुलाला वारसा कायद्यानं भावंडांइतकाच समान हिस्सा मिळतो. तो त्याला मोजता येत नाही, पण समानता पाळली जाते.

या परंपरेचं शिखर मात्र बायकांनी गाठलं आहे. मालमत्ता असलेली आणि मृत्युपत्र न केलेली हिंदू स्त्री: त्यागाचं याहून पूर्ण रूप मला माहीत नाही. पुरुष गेला तर कायदा निदान त्याच्या रक्ताच्या माणसांकडे पाहतो. स्त्री गेली तर आधी मुलं आणि नवरा, आणि ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे आई-वडील त्यांच्या नंतर. तिला आई-वडिलांकडून वारशानं मिळालेलं मूल नसताना माहेरी परततं, ही सोय आहे. पण तिनं स्वतः नोकरी करून, स्वतःच्या पगारातून जे केलं त्याला ही सोय लागू नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल या दृष्टीनं मुळातून वाचण्यासारखा आहे. एका मुलीचं १९५५ च्या सुमारास लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, माहेरच्यांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, चार दशकं स्वतःच्या पायावर उभी राहिली. १९९६ मध्ये ती गेली तेव्हा बँकेतल्या ठेवी, भविष्यनिर्वाह निधी असा मोठा पैसा मागे होता. मृत्युपत्र नव्हतं. पैसा कोणाचा? माहेरच्यांनी हक्क सांगितला. तीन महिन्यांच्या त्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं, आणि कायद्याप्रमाणे पैसा नवऱ्याच्या भाच्यांना गेला. ज्या घरानं तिला दारात उभं राहू दिलं नाही त्या घराला तिनं आयुष्यभराची कमाई दिली. क्षमेची अशी उदाहरणं पुराणांत असतात. हे कायद्याच्या अहवालांत आहे. आणि ही क्षमा घडवायला तिनं काहीच केलं नव्हतं. फक्त एक कागद लिहिला नव्हता. आजही एकट्या राहणाऱ्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या अधिकारी बहिणीच्या मुलीला सांभाळतात, तिच्या फीचे पैसे भरतात, 'माझं सगळं तिचंच' म्हणतात आणि लिहीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं. न्यायालयं एरवी आलेल्या वादापुरतं बोलतात. त्यांना वाटेत थांबून विनंती करावीशी वाटली, इतका हा त्याग मोठ्या प्रमाणावर चाललेला आहे.

ज्यांना एवढं टोकाचं जमत नाही त्यांच्यासाठी नॉमिनीचा पंथ आहे. हा पंथ मला फार प्रिय आहे, कारण यातला माणूस समाधानानं जातो. प्रत्येक खात्याला, प्रत्येक मुदतठेवीला, सोसायटीच्या फॉर्मवर त्यानं बायकोचं किंवा थोरल्या मुलाचं नाव घातलेलं असतं. 'सगळीकडे नॉमिनी लावलाय' हे वाक्य तो फाइलवर थाप मारून म्हणतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे हातात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा माणूस, हे सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विम्याच्या बाबतीत चाळीस वर्षांपूर्वीच सांगितलं. विम्याच्या कायद्यात २०१५ साली आई-वडील, जोडीदार आणि मुलं यांच्यासाठी वेगळी तरतूद आली, पण कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं पुन्हा तेच सांगितलं: नामनिर्देशनानं मालकी जात नाही. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेतात. हे सगळं प्रसिद्ध झालं, पेपरात आलं, तरी पंथाची श्रद्धा ढळली नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी नेमता येतात, तेव्हा आता एकाऐवजी चार माणसांना आपण मालक झालो असं वाटू शकेल.

या पंथात एक कडवा उपपंथ आहे. तो नॉमिनीही लावत नाही आणि खाती कुठं आहेत हेही सांगत नाही. बदलीच्या गावी उघडलेलं पहिलं बचत खातं, भावाच्या आग्रहानं घेतलेले कागदी शेअर्स, पोस्टातली प्रमाणपत्रं, सगळं एका जुन्या ब्रीफकेसमध्ये. ब्रीफकेसचा नंबर फक्त त्याला ठाऊक. दहा वर्षं कोणी हात लावला नाही की बँकेतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. ते सगळे मृतांचे नव्हेत, विसरलेली खातीही त्यात आहेत. वारसाला शोधायचंच असेल तर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, आणि शोध लागल्यावर दावा करता येतो. लाभांश सात वर्षं कोणी घेतला नाही की तो आणि त्यामागचे शेअर्स अशाच दुसऱ्या एका सरकारी निधीकडे जातात. तिथून परत मिळवायचा अर्ज ज्यानं केला आहे त्याला मी त्याबद्दल काही सांगायला नको. या पैशाची विधवेला गरज होती की नव्हती, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो.

शहरातली ही साधना. गावाकडची याहून जुनी. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. पण अर्ज देणं म्हणजे भावाला हिशोब मागणं, असा समज. तिसऱ्या पिढीत फेरफार होतो तेव्हा सामाईक खात्यावर सव्वीस नावं चढतात, त्यातल्या आत्यांच्या मुलांना गावही आठवत नाही. कोकणातली घरं पाहा. घर पाच भावांचं, पाचही मुंबईला. कौलं एकानं घातली तर त्यानं हक्क लावला असं दिसतं, म्हणून कोणी घालत नाही. माडीची तुळई वाकते, परसातले माड दुसराच कोणी पाडून घेतो, आंब्याचा करार कोणाच्या सहीनं करायचा यावरून हंगाम जातो. पंजोबांनी एका कागदावर लिहिलं असतं की घर धाकट्याला आणि त्याबदल्यात कलमं थोरल्याला, तर दोन भाऊ एक पिढीभर बोलले नसते, पण घर उभं राहिलं असतं. पंजोबांनी तसं केलं नाही. त्यांना पाचही मुलांवर सारखंच प्रेम होतं. त्या घरांचे चौथरे मी पाहिले आहेत आणि त्यातल्या एकेका दगडाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण प्रेम सारखं होतं, हे कोणी नाकारू शकत नाही. महामार्ग त्या जमिनीतून गेला तर मोबदला वाद मिटेपर्यंत जमा होऊन पडतो, आणि वाद मिटत नाही.

सीमेपलीकडे गोव्यात या निश्चयाला मर्यादा पडते, हे नोंदवलं पाहिजे. तिथं पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेची परंपरा आहे, आता गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची मिळून मानतात, त्यामुळे विधवेचा अर्धा वाटा नवऱ्याच्या मर्जीवर नसतोच. उरलेल्यातलाही अर्धा मुलाबाळांसाठी राखीव. मृत्युपत्रानं फक्त बाकीच्या अर्ध्याचीच वाट लावता येते. तिथल्या माणसाला नुसता आळस करून बायकोला रस्त्यावर आणणं अवघड आहे. आपल्याकडे ते स्वातंत्र्य पूर्ण आहे.

कोणी म्हणेल, मृत्युपत्र केलं तरी भांडणं होतातच. होतात. महाराष्ट्रानं पाहिलेलं सर्वांत मोठं उदाहरण ताई महाराज प्रकरणाचं. पुण्याचे सरदार बाबा महाराज यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये मृत्युपत्र केलं आणि विश्वस्तांत लोकमान्य टिळकांना नेमलं. मूल जगलं नाही तर विश्वस्तांच्या संमतीनं दत्तक घ्यावा, असं त्यात होतं. मुलगा झाला, तो गेला; १९०१ साली औरंगाबादला दत्तक झाला, विधवा ताई महाराजांनी दुसरा दत्तक घेतला, आणि दिवाणी-फौजदारी मिळून ते चक्र सुरू झालं. टिळकांना १९०३ मध्ये शिक्षा झाली, ती हायकोर्टात १९०४ साली रद्द झाली. मधल्या काळात ते मंडालेलाही जाऊन आले. दत्तकाचा शेवटचा निकाल प्रिव्ही कौन्सिलनं त्यांच्या बाजूनं १९१५ साली दिला. मृत्युपत्र टाळणाऱ्यांना हे प्रकरण फार आवडतं. ते एक गोष्ट सांगत नाहीत: बाबा महाराजांनी ते मृत्युपत्र पटकीनं अंथरुणाला खिळल्यावर, मृत्यूच्याच दिवशी केलं होतं. शांतपणे बसून, बायकोशी बोलून, आपल्या माघारी तिला कोणाशी कसं राहावं लागेल याचा विचार करून लिहायला त्यांच्याकडे वेळ उरला नव्हता.

म्हणून ज्यांना अगदीच न लिहिणं जमत नाही, त्यांना हा मधला मार्ग आहे: शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा. अतिदक्षता विभागात सही थरथरते, शुद्धीत होतात की नाही यावर पुढं साक्षीपुरावे होतात, जो मुलगा जवळ असतो त्याच्यावर लांबचा मुलगा दबावाचा आरोप करतो. किंवा धडधाकट असतानाच लिहा, पण 'सर्वांनी प्रेमानं वाटून घ्यावे' एवढंच लिहा. घराचा पत्ता, खात्यांची यादी, कोणाला काय, कोणी अंमल करायचा, यातलं काही घालू नका. साक्षीदार आपल्याहून दहा वर्षांनी मोठे निवडा. मूळ प्रत स्वतःच्या एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवा आणि किल्लीबद्दल बोलू नका. नव्या लग्नानंतर, नातवाच्या जन्मानंतर, घर विकल्यानंतर ती उघडून पाहू नका. आणि ज्या मुलीला काही द्यायचं नाही असं ठरवलं आहे तिला का नाही, हे एका वाक्यातही सांगू नका. तिनं ते उरलेलं आयुष्य स्वतःशी विचारत राहिलं पाहिजे.

या दिवाळीत सगळे जमतील तेव्हा कोणीतरी विषय काढेलच. सून नवी असेल तर तिचा हेतू काढा, मुलगी असेल तर तिला जावयाची फूस आहे असं म्हणा, बायको असेल तर टीव्हीचा आवाज वाढवा. तरीही एखादा नातू कागद आणि पेन घेऊन बसलाच, 'आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहितो' म्हणाला, तर खुशाल सांगा. आजीला घर तिच्या हयातीपर्यंत, मग दोघांना सारखं, दागिने मुलीला, शेत कसणाऱ्याला, सगळं मनातलं सांगा. त्यानं काही बिघडत नाही. फक्त त्याखाली सही करू नका. केलीच, तर शेजारच्या दोन शहाण्या माणसांना हाक मारून त्यांच्या डोळ्यांदेखत करू नका आणि त्यांच्या सह्या घेऊ नका, कारण तेवढ्यानं ते कायद्यानं मृत्युपत्र होतं.